जुन्या स्पोर्ट्स कारला ‘कूलंट कमी’चा दिवा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

होळी आटोपली की जळगाव, भुसावळ, धुळे, शिरपूर, शहादा या पट्ट्यातील जुन्या गाड्यांच्या मालकांकडून कूलंटविषयीचे, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाविषयीचे, प्रश्न येऊ लागतात आणि मृगाचा पाऊस पडेपर्यंत ते थांबत नाहीत. त्यांपैकी पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. ज्यांना केवळ जोडणी हवी आहे त्यांनी थेट प्रश्न ६ वाचावा. मात्र सेन्सरची जागा चुकली तर उत्तम जोडणीही निरुपयोगी ठरते, म्हणून प्रश्न ३ वगळू नये.

१. माझ्या गाडीत तापमानाचा काटा आहेच. मग कूलंट कमी झाल्याचा वेगळा दिवा कशासाठी?

तापमानाचा काटा कूलंटचे प्रमाण मोजत नाही. त्याचा सेन्सर ज्या पदार्थात बुडालेला असतो त्याचे तापमान तो दाखवतो. हा सेन्सर बहुतेक गाड्यांत थर्मोस्टॅटच्या (तापमानानुसार कूलंटची वाट उघडणाऱ्या झडपेच्या) आसपास किंवा हेडवर (इंजिनाच्या वरच्या भागावर), म्हणजे बऱ्यापैकी वरच्या बाजूला असतो. पाईप फुटून पाणी भराभर खाली गेले की सेन्सर वाफेत आणि हवेत उघडा पडतो. वाफ आणि हवा त्याला द्रवाइतकी उष्णता पोचवत नाहीत, त्यामुळे काटा जागच्या जागी राहतो, कधी कधी तर खाली येतो. चालकाला वाटते की इंजिन थंड झाले, आणि त्याच वेळी हेड कोरडे तापत असते. हेड आणि इंजिन ब्लॉक यांच्यामधली पट्टी, म्हणजे गॅस्केट, उडाल्यावर ‘काटा तर निम्म्यावरच होता’ असे सांगणारे बहुतेक मालक खरेच बोलत असतात.

१९९० नंतरच्या अनेक गाड्यांत तर काटा मुद्दाम मंद केलेला असतो. बऱ्याच मोठ्या तापमान-पट्ट्यात तो मध्यभागीच उभा राहतो आणि हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. गळतीने होणाऱ्या बिघाडात आधी पातळी उतरते आणि नंतर इंजिन तापते. पातळीचा दिवा या दोहोंमधला वेळ हाती देतो.

आपल्याकडे हा वेळ आणखी आखूड असतो. कूलंट ९० अंशांवर आणि बाहेरची हवा २५ अंशांवर असेल तर दोहोंतला फरक ६५ अंशांचा असतो. मे महिन्यात भुसावळला पारा ४५ वर गेला की तोच फरक ४५ अंश उरतो. रेडिएटर बाहेर टाकू शकणारी उष्णता साधारणपणे या फरकाच्या प्रमाणात असते, म्हणजे तोच रेडिएटर जवळपास तीस टक्के दुबळा होतो. अशा दिवसांत एक लिटर कूलंट कमी असणे डिसेंबरइतके माफ होत नाही.

२. हा दिवा कोणत्या गाड्यांना बसवता येतो? माझी सॅन स्टॉर्म आहे आणि मित्राची एमजीबी आहे.

कूलंटवर थंड होणाऱ्या कोणत्याही गाडीला बसवता येतो. सॅन स्टॉर्म ही भारतीय आणि एमजीबी ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार; दोन्ही गाड्यांना बसतो, पण जोडणीत प्रत्येकीची एक खोड आहे. ती प्रश्न १२ मध्ये सांगितली आहे. हवेवर थंड होणाऱ्या गाड्यांना, उदाहरणार्थ १९९८ पर्यंतच्या पोर्शे ९११ ना, अर्थातच त्याचा उपयोग नाही.

काम सुरू करण्यापूर्वी गाडीत कारखान्यातूनच सेन्सर आलेला आहे का ते पाहावे. फोक्सवॅगन-स्कोडा गटाच्या अनेक गाड्यांत कूलंटच्या गोल टाकीतच धातूच्या दोन पिना बसवलेल्या असतात आणि खाली कनेक्टर असतो. जुनी ऑक्टाव्हिया आरएस घेतलेल्या काहींच्या गाडीत हा कनेक्टर कोणी तरी काढून ठेवलेला किंवा ‘दिवा सारखा लागतो’ म्हणून दोन्ही वायरी एकत्र पिळून टाकलेल्या आढळतात. तेथे नवे काही बसवण्याऐवजी जुने दुरुस्त करावे.

मधोमध किंवा मागे इंजिन असलेल्या गाड्यांना हा दिवा सर्वाधिक लाभतो. १९९५ ते २००२ या काळातली एमजी एफ हे त्याचे ठळक उदाहरण आहे : रेडिएटर पुढे, इंजिन मागे, त्यांना जोडणारे लांब पाईप गाडीच्या पोटाखालून गेलेले, आणि हेड गॅस्केटच्या तक्रारींसाठी प्रसिद्ध असलेले के-सीरिज इंजिन.

३. सेन्सर नेमका कुठे बसवायचा? बाटलीत बसवला तर चालेल का?

याचे उत्तर तुमच्या गाडीची कूलंटची रचना कोणती आहे यावर अवलंबून आहे, आणि बहुतेक फसलेल्या जोडण्या येथेच फसतात.

पहिल्या रचनेत झाकणासह दाबाखाली असलेली टाकी असते. दाब धरून ठेवणारे झाकण, म्हणजे प्रेशर कॅप, या टाकीवरच बसते आणि कूलंट तिच्यातून सतत फिरत असते. अशा टाकीत सेन्सर बसवणे सर्वांत उत्तम, कारण गळती कोठेही झाली तरी पातळी प्रथम येथेच उतरते. सेन्सर ‘मिन’च्या (किमान पातळीच्या) खुणेवर न बसवता तिच्या थोडा खाली बसवावा, अगदी खुणेवर बसवला तर प्रत्येक थंड सकाळी दिवा लागेल आणि आठवडाभरात मालक त्याच्याकडे पाहणे सोडून देईल.

दुसऱ्या रचनेत प्रेशर कॅप रेडिएटरवर असते आणि शेजारी एक साधी प्लास्टिकची बाटली असते. गाडी तापली की फुगलेले कूलंट कॅपमधून बाटलीत जाते, आणि गाडी निवली की रेडिएटर ते परत ओढून घेतो. येथे केवळ बाटलीत सेन्सर बसवणे धोक्याचे आहे. कॅपची आतली छोटी झडप अडकली, रबर कडक झाले किंवा बाटलीकडे जाणाऱ्या बारीक नळीला चीर गेली, तर रेडिएटर कूलंटऐवजी हवा ओढतो. बाटली भरलेली राहते आणि रेडिएटर रिकामा होत जातो. म्हणून या रचनेत सेन्सर रेडिएटरच्या वरच्या टाकीत, नळ्यांची तोंडे उघडी पडण्याआधी दिवा लागेल इतक्या उंचीवर हवा. ते शक्य नसेल तर वरच्या होज पाईपच्या सर्वांत उंच भागात जोडनळी बसवून तिच्यात सेन्सर घालावा.

तिसरी रचना पन्नास-साठच्या दशकांतल्या गाड्यांची : बाटली नाही, फक्त रेडिएटर आणि खाली उघडी सोडलेली ओव्हरफ्लोची नळी. अशा रेडिएटरमध्ये गळ्याखाली इंचभर जागा रिकामी असणे हेच योग्य असते. काठोकाठ भरले तर फुगलेले कूलंट रस्त्यावर सांडते आणि पातळी पुन्हा तेथेच येऊन थांबते. सेन्सर या स्थिर पातळीच्या खाली बसवावा.

४. फ्लोट स्विच, दोन पिनांचा प्रोब आणि बाहेरून चिकटवायचा सेन्सर यांपैकी कोणता घ्यावा?

मत विचारले तर स्टेनलेस स्टीलचा, आतमध्ये रीड स्विच असलेला छोटा फ्लोट. त्यात इलेक्ट्रॉनिक्स काही नसते. चुंबक असलेला तरंगता मणी वर-खाली होतो आणि काचेच्या नळीतली दोन पाती जुळतात किंवा सुटतात. मणी उलटा घातला की ‘भरलेले असताना बंद’ आणि ‘भरलेले असताना चालू’ या दोन प्रकारांत अदलाबदल करता येते. पांढऱ्या प्लास्टिकचा स्वस्त फ्लोट मात्र घेऊ नये. तो थंड पाण्याच्या टाकीसाठी असतो आणि शंभर अंशांच्या आसपासच्या कूलंटमध्ये मऊ पडून अडकतो.

दोन पिनांचा प्रोब जागा कमी घेतो आणि त्यात हलणारा भाग नसतो, पण त्याला योग्य सर्किट लागते. पिनांना बॅटरीचा सरळ डीसी दिला तर विद्युत-विघटन सुरू होते, धन टोकाची पिन झिजते, दुसरीवर बुडबुडे आणि साका जमतो. कारखान्यातले सर्किट त्यासाठी क्षणाक्षणाला दिशा बदलणारा किंवा अगदी तुटक पल्सचा प्रवाह वापरते. ‘घरच्या टाकीचा पाण्याचा अलार्म घरात पडून आहे, तो लावू का?’ असे विचारणारे बरेच आहेत. त्यांतील बहुतेक अलार्म डीसीवर चालतात, शिवाय टाकी भरल्यावर वाजावेत अशा बेताने बनवलेले असतात. ते टाकीवरच राहू द्यावेत.

बाहेरून चिकटवायचा कॅपॅसिटिव्ह सेन्सर भोक न पाडता बसतो, एवढाच त्याचा मोठा गुण. तो धातूच्या टाकीवर चालत नाही. प्लास्टिकच्या बाटलीच्या आतून गाळाचा किंवा क्षाराचा ओला थर बसला तर बाटली रिकामी असतानाही तो ‘भरलेली’ म्हणतो. इंजिनाजवळची उष्णताही अनेक स्वस्त नगांना सोसत नाही. वेष्टनावरची तापमानाची मर्यादा वाचल्याशिवाय घेऊ नये.

५. सेन्सरसाठी रेडिएटरला भोक पाडावे लागते का? मूळ रेडिएटर खराब होईल अशी भीती वाटते.

पितळी टाकीचा जुना रेडिएटर असेल तर भीतीचे कारण नाही. रेडिएटर उतरवून रेडिएटरवाल्याकडे न्यावा, लेथवर पितळेची आटे पाडलेली बुशिंग (सेन्सर फिरवून बसवायची कडी) करून घ्यावी आणि ती वरच्या टाकीला डाग देऊन बसवावी. असले काम करणारे हात धुळ्यात आणि जळगावात ट्रक-ट्रॅक्टरच्या धंद्यामुळे अजून टिकून आहेत. बुशिंग बसल्यावर रेडिएटरला हवेच्या दाबाची चाचणी देऊनच तो गाडीत चढवावा.

अॅल्युमिनियमच्या गाभ्यावर प्लास्टिकच्या टाक्या दाबून बसवलेल्या असतील तर भोक पाडू नये. वीस-पंचवीस वर्षे तापून ते प्लास्टिक आधीच ठिसूळ झालेले असते. तेथे होज पाईपमधली जोडनळी हाच मार्ग. पाईप कापताना सरळ भागात कापावा, दोन्ही बाजूंना चांगल्या क्लिपा घ्याव्यात आणि जोडनळीच्या टोकांना काठ उचललेला आहे याची खात्री करावी. गुळगुळीत नळीवरून पाईप दाबाखाली निसटतो. गळती शोधण्यासाठी बसवलेल्या वस्तूनेच गळती करणे फारच महाग पडते.

६. जोडणी कशी करावी? आमचा वायरमन म्हणतो, स्विचला थेट बल्ब जोडा, काम झाले.

थेट बल्ब जोडू नये. रीड स्विचची पाती अगदी नाजूक असतात. थंड बल्ब चालू होताना नेहमीच्या कित्येक पट प्रवाह क्षणभर ओढतो आणि पाती चिकटून बसतात. रिलेची (विजेवर चालणाऱ्या स्विचची) कॉइल थेट चालवायची असेल तर तिच्यावर उलट दिशेने १एन४००७ डायोड हवाच, नाही तर कॉइल सुटतानाचा झटका तेच काम करतो.

आणखी महत्त्वाचा निर्णय असा की स्विच ‘भरलेले असताना जुळलेला’ ठेवावा. मग पातळी उतरली तरी दिवा लागतो, वायर तुटली तरी लागतो, कनेक्टर निघाला तरी लागतो. उलट प्रकारात तुटलेली वायर आणि भरलेला रेडिएटर हे दोन्ही सारखेच दिसतात. केळीच्या बागेत किंवा खळ्याच्या शेडमध्ये गाडी उभी राहणाऱ्यांना उंदीर वायरींचे काय करतात ते सांगायला नको.

सर्वांत साधे सर्किट एका बीसी५४७ ट्रान्झिस्टरचे आहे; कलेक्टर, बेस आणि एमिटर हे त्याचे तीन पाय. इग्निशननंतरच्या १२ व्होल्टांवरून, १ अँपिअरच्या फ्यूजमधून, दोन फाटे काढावेत. एका फाट्यावर १ किलो-ओहमचा रोध आणि लाल एलईडी घालून त्याचे दुसरे टोक ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरला द्यावे. दुसऱ्या फाट्यावर १० किलो-ओहमचा रोध घालून तो बेसला जोडावा. एमिटर अर्थला. फ्लोट स्विचची एक वायर बेसला आणि दुसरी अर्थला. कूलंट पुरेसे असताना स्विच बेसला अर्थवर धरून ठेवतो आणि एलईडी बंद राहतो. स्विच सुटला की बेसला प्रवाह मिळतो आणि एलईडी लागतो. स्विचमधून जाणारा प्रवाह जेमतेम दीड मिलिअँपिअर असतो, त्यामुळे पाती वर्षानुवर्षे टिकतात. छोटा पिझो बझर लावायचा असल्यास त्याची धन वायर १२ व्होल्टांच्या फाट्याला आणि ऋण वायर कलेक्टरला द्यावी. कापडी छप्पर उघडून, भर दुपारच्या उन्हात गाडी चालवणाऱ्याला डॅशबोर्डवरचा एलईडी दिसत नाही, म्हणून बझरचा आग्रह आहे.

सेन्सरकडे जाणाऱ्या वायरीत एक दाबायचे बटण घालावे. दाबले की सर्किट तुटेल असे. गाडी सुरू करण्यापूर्वी ते दाबून दिवा लागतो का ते पाहावे. एलईडी, ट्रान्झिस्टर आणि फ्यूज यांची चाचणी एका दाबात होते. वायर इंजिनच्या खोलीतून आत आणताना भोकात रबरी ग्रोमेट (वायर कापू न देणारी कडी) घालावे आणि एक्झॉस्टच्या बाजूने नेऊ नये.

७. कन्नडच्या घाटात चढताना आणि वळणावर दिवा लुकलुकतो, सपाटीला बंद होतो. सेन्सर बिघडला का?

बहुधा नाही. चढावर, जोरात ब्रेक लावल्यावर किंवा वळणात कूलंट टाकीच्या एका बाजूला जाते आणि कडेला बसवलेला सेन्सर क्षणभर उघडा पडतो. चाळीसगावहून कन्नडकडे जाताना औट्रम घाटात किंवा साक्रीहून नवापूरकडे कोंडाईबारी उतरताना हे हमखास दिसते. तोरणमाळच्या रस्त्यावर तर चढ आणि वळण एकत्र येतात.

उपाय दोन आहेत. पहिला म्हणजे सेन्सर टाकीच्या मध्याजवळ घेणे. दुसरा म्हणजे विलंब : सेन्सर सलग आठ-दहा सेकंद उघडा राहिला तरच दिवा लागावा. त्यासाठी बाजारात मिळणारे १२ व्होल्टांचे ऑन-डिले टायमर मॉड्यूल एलईडी आणि बझर यांच्या आधी घालता येते. कारखान्यातील सर्किटांतही असा विलंब असतो. पण विलंब मिनिटभराचा ठेवू नये. मोठा पाईप फुटला तर मिनिटभरात बरेच कूलंट बाहेर पडलेले असते.

एक मात्र तपासावे : दिवा मागच्या महिन्यापर्यंत घाटात लागत नव्हता आणि आता लागू लागला असेल, तर ती हलणाऱ्या कूलंटची करामत नसून पातळी खरोखर थोडी उतरलेली आहे.

८. दिवा बसवला, पण तो खरेच काम करतो हे कसे ओळखावे?

प्रश्न ६ मधले बटण सर्किट तपासते, सेन्सर तपासत नाही. त्यासाठी इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरच्या खालच्या नळातून स्वच्छ परातीत कूलंट हळूहळू काढावे आणि इग्निशन चालू ठेवून दिवा कधी लागतो ते पाहावे. दिवा लागेपर्यंत किती कूलंट निघाले ते मापाने मोजून गाडीच्या वहीत लिहून ठेवावे. पुढे रस्त्यात दिवा लागला की किमान तेवढे गेले आहे हे कळते. अर्ध्या ते एक लिटरदरम्यान दिवा लागणे समाधानकारक. दोन लिटर निघूनही लागला नाही तर सेन्सर फार खाली आहे. काढलेले कूलंट परत भरताना हवा काढायला विसरू नये. हीटरचा कॉक उघडा ठेवून इंजिन थर्मोस्टॅट उघडेपर्यंत चालवावे आणि गाडी निवल्यावर पातळी पुन्हा पाहावी. ही चाचणी वर्षातून एकदा, फाल्गुनाच्या आसपास करावी.

काढलेली परात उघडी ठेवू नये. इथिलीन ग्लायकॉल विषारी आहे आणि चवीला गोड असल्यामुळे कुत्री-मांजरे ते पितात.

९. बोअरच्या पाण्याने सेन्सर खराब होतो का? आणि खान्देशात बर्फ पडत नाही, मग कूलंट हवेच कशाला?

बोअरच्या जड पाण्यातले क्षार तापल्यावर पांढऱ्या थराच्या रूपात बसतात. हा थर फ्लोटच्या दांडीवर चढला की मणी अडकतो, आणि प्रोबच्या पिनांमध्ये ओला थर साचला की टाकी रिकामी असूनही प्रवाह वाहत राहतो. सेन्सर जाऊ द्या, रेडिएटरच्या नळ्याही त्यानेच बुजतात. बॅटरीसाठी मिळते ते डिस्टिल्ड पाणीच वापरावे.

कूलंटचे काम गोठण्यापासून वाचवणे एवढेच नाही. त्यात गंजरोधक असतात आणि ते उकळबिंदू वाढवते. समुद्रसपाटीला साधे पाणी १०० अंशांवर उकळते. १५ पौंडांच्या (दर चौरस इंचाला) प्रेशर कॅपखाली तेच सुमारे १२० अंशांपर्यंत टिकते, आणि निम्मे-निम्मे ग्लायकॉल असेल तर आणखी काही अंश वर. आपल्याकडे गोठण्याचा प्रश्न नसल्याने निम्म्याहून जास्त ग्लायकॉल घालण्यात अर्थ नाही, कारण पाणी ग्लायकॉलपेक्षा उष्णता अधिक चांगली वाहून नेते. एक तृतीयांश कूलंट आणि दोन तृतीयांश डिस्टिल्ड पाणी हे प्रमाण येथील उन्हाळ्याला मानवते. गंजरोधकांचे प्रमाण राखण्यासाठी त्याखाली मात्र जाऊ नये. तयार मिसळलेले कूलंट घेतले असेल तर त्यात पुन्हा पाणी घालू नये.

१०. सकाळी गाडी सुरू करताना दिवा लागतो आणि दहा मिनिटांनी विझतो. दुर्लक्ष करावे का?

करू नये. थंड कूलंट आकसते आणि तापल्यावर फुगते, त्यामुळे पातळी सीमेवर असेल तर असेच घडते. म्हणजे पातळी दिव्याच्या रेषेपर्यंत उतरली आहे. गाडी थंड असताना भरावे आणि पुन्हा किती दिवसांनी दिवा लागतो ते नोंदवावे. महिन्याच्या आत लागला तर प्रश्न १४ वाचावा.

११. बाटली भरलेली दिसते, तरी दिवा लागलेला आहे. खोटा इशारा ना?

सेन्सर रेडिएटरमध्ये असेल तर हा बहुधा खरा इशारा असतो, आणि तोही मोलाचा. बाटली भरलेली असून रेडिएटर रिकामा कसा होतो हे प्रश्न ३ मधल्या दुसऱ्या रचनेत आले आहे. गाडी पूर्ण थंड झाल्यावर रेडिएटर कॅप उघडून पाहावी. आत पातळी खाली असेल तर आधी कॅप बदलावी, मग बाटलीकडे जाणारी नळी तपासावी. कॅप गाडीला नेमून दिलेल्या दाबाचीच घ्यावी. जुन्या ब्रिटिश गाड्यांत ७ पौंडांपासून १५ पौंडांपर्यंतच्या कॅप आढळतात आणि ‘जास्त दाबाची म्हणजे चांगली’ या समजुतीने लावलेली कॅप जुन्या हीटरचा गाभा फोडते.

१२. गाडी पॉझिटिव्ह अर्थची आहे किंवा बॉडी फायबरची आहे. तेच सर्किट चालेल का?

१९६७ च्या अखेरीस मार्क २ येईपर्यंतच्या एमजीबीत, तसेच त्या काळच्या बहुतेक ब्रिटिश गाड्यांत, बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असते. प्रश्न ६ मधले सर्किट जसेच्या तसे तेथे लावले तर चालणार नाही. बीसी५४७ ऐवजी बीसी५५७ घ्यावा, एलईडी उलटा लावावा, बझरच्याही वायरी अदलून घ्याव्यात आणि सर्किट आरशात पाहिल्यासारखे उलटवावे : एमिटर बॉडीला, म्हणजे धनाला, आणि दोन्ही रोध इग्निशननंतरच्या ऋण वायरीला. फ्लोट स्विचला दिशा नसते, त्यामुळे तो तसाच राहतो. तयार टायमर मॉड्यूल लावायचे असल्यास त्याची पेटी बॉडीला लागू न देता दोन स्वतंत्र वायरींवर चालवावी. अनेक गाड्या मधल्या काळात निगेटिव्ह अर्थवर बदलल्या गेल्या आहेत, म्हणून पुस्तक पाहून ठरवू नये. बॅटरीच्या टोकाशी मल्टिमीटर लावून ठरवावे.

सॅन स्टॉर्मची बॉडी फायबरची आहे आणि फायबर वीज वाहत नाही. तेथे ‘जवळच्या बोल्टला अर्थ’ ही नेहमीची सवय उपयोगाची नाही; सेन्सरची आणि सर्किटची अर्थ वायर इंजिन ब्लॉकपर्यंत किंवा बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत न्यावी.

आणखी एक आडवळणाचा प्रकार म्हणजे एका पिनेचा प्रोब, ज्यात परतीचा प्रवाह कूलंटमधून रेडिएटरच्या धातूत जातो. रेडिएटर रबरावर बसवलेला असेल तर त्याला अर्थच नसतो आणि दिवा मनमानी करतो. होज पाईपमधल्या धातूच्या जोडनळीचेही तसेच. अशा जोडणीनंतर मल्टिमीटरची काळी तार बॅटरीच्या ऋण टोकाला लावून लाल तार, रेडिएटरला स्पर्श न करता, फक्त कूलंटमध्ये बुडवून व्होल्टेज पाहावे. पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीत काळी तार धन टोकाला लावावी आणि आकड्यापुढचे उणे चिन्ह सोडून द्यावे. ०.१ व्होल्टच्या आत असेल तर ठीक. जास्त असेल तर भरकटलेला प्रवाह अॅल्युमिनियमचे हेड आणि रेडिएटर आतून खाऊ लागेल. यामुळेच फ्लोटला पहिली पसंती दिली आहे.

१३. रस्त्यात दिवा लागला तर काय करावे?

आधी काट्याकडे पाहावे, पण त्याच्यावर पूर्ण विश्वास ठेवू नये (प्रश्न १). सुरक्षित जागा मिळताच बाजूला थांबून इंजिन बंद करावे. ‘पुढचा पंप दहा किलोमीटरवर आहे, तेवढे जाऊ’ हा हिशेब लळिंगच्या चढावर करू नये. गरम रेडिएटरची कॅप उघडू नये. दाब सुटताच आतले कूलंट एकदम उकळून तोंडावर येते. किमान अर्धा-पाऊण तास थांबावे, वरचा पाईप हाताला सोसेल इतका निवल्यावर कॅपवर जाड फडके ठेवून ती पहिल्या खाचेपर्यंत फिरवावी आणि फुसफुस थांबल्यावरच काढावी. तापलेल्या इंजिनात एकदम थंड पाणी ओतल्यास हेडला तडा जाऊ शकतो, म्हणून थोडे थोडे घालावे. अशा वेळी डिस्टिल्ड पाणी जवळ नसेल तर पिण्याचे पाणी घालावे आणि घरी पोचल्यावर ते बदलावे.

हीटर पूर्ण उघडून इंजिनाची उष्णता कमी करण्याची युक्ती खरी आहे, पण कूलंट फिरत असेल तरच. हीटरमधून थंड हवा येत असेल तर त्याच्या गाभ्यापर्यंत कूलंट पोचत नाही, आणि हाच पातळी उतरल्याचा आणखी एक पुरावा समजावा. मे महिन्यात वरणगावच्या रस्त्यावर हीटर लावून बसण्याची हौस कोणाला नसते, पण चाचणीला एक मिनिट पुरते.

१४. कुठेच थेंब दिसत नाही, तरी पंधरा दिवसांनी दिवा लागतो. गाडी पाणी खाते म्हणजे काय होते?

आधी बाहेरची गळती नीट वगळावी, कारण गरम एक्झॉस्टवर पडलेला थेंब जमिनीवर पोचत नाही. वॉटर पंपाच्या खालचे छोटे भोक, हीटरच्या जोडांखालचा गालिचा, कॅपचा काठ आणि क्लिपांभोवती वाळलेला पांढरट किंवा हिरवट डाग पाहावा. रेडिएटरवाल्याकडचा हातपंप लावून थंड इंजिनावर कॅपच्या दाबाइतका दाब द्यावा. दहा मिनिटांत दाब उतरला तर गळती आहेच.

बाहेर काहीच न सापडल्यास संशय हेड गॅस्केटवर येतो. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय, तापल्यानंतरही एक्झॉस्टमधून येणारा गोडसर वासाचा पांढरा धूर, इंजिन चालू असताना टाकीत सतत येणारे बुडबुडे किंवा सकाळी थंड असतानाही दगडासारखा घट्ट लागणारा वरचा पाईप यांपैकी काहीही दिसले तर गाडी उभी करावी. या अवस्थेत ‘रेडिएटर स्टॉप लीक’ची पूड टाकू नये, ती गळतीइतक्याच तत्परतेने हीटरच्या बारीक नळ्या आणि तुमचा नवा सेन्सर बंद करते.

१५. असा दिवा लावल्याने आरटीओची किंवा विंटेज नोंदणीची अडचण येते का?

डॅशबोर्डवरच्या एका एलईडीने इंजिन, चॅसी किंवा बॉडी बदलत नाही. पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये आलेल्या विंटेज नोंदणीच्या नियमांत मात्र गाडी मूळ स्वरूपात असण्याची आणि चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल नसण्याची अट आहे. त्यामुळे अशा गाडीत मूळ डॅशबोर्डला भोक पाडू नये. एलईडी स्टिअरिंगखालच्या पट्टीवर बसवावा आणि रेडिएटरला हात न लावता जोडनळी वापरावी, म्हणजे सर्व काही अर्ध्या तासात पूर्ववत करता येते.

१६. बिनपाण्याचे कूलंट भरले आणि दिवा बंदच होत नाही. का?

दोन पिनांचा प्रोब कूलंटमधून वीज वाहते या गृहीतावर चालतो. बिनपाण्याच्या ग्लायकॉलमधून ती फारच कमी वाहते, म्हणून टाकी भरलेली असूनही सर्किटला ती रिकामी वाटते. फ्लोट वापरल्यास हा प्रश्न उद्भवत नाही.

१७. गाडी वर्षातले सहा महिने शेडमध्ये झाकून असते. सेन्सरसाठी वेगळे काही करावे का?

उभ्या गाडीत फ्लोटचा मणी एकाच जागी राहतो आणि दांडीवर साका धरतो. तो ‘भरलेले’च्या जागी अडकला तर प्रश्न ६ मधले बटण सर्व ठीक असल्याचे सांगेल, पण पातळी उतरल्यावर दिवा लागणार नाही. म्हणून गाडी बाहेर काढण्यापूर्वी प्रश्न ८ मधली परातीची चाचणी पुन्हा करावी, आणि मणी हलत नसेल तर फ्लोट काढून कोमट पाण्यात व्हिनेगर घालून भिजवावा. पॉलिश कागदाने घासू नये. वायरींवर नालीदार स्लीव्ह घालावी, सेन्सरचा कनेक्टर हाताने हलवून पाहावा आणि कूलंट किती वर्षांचे आहे ते वहीत तपासावे. साधे हिरवे कूलंट असेल तर दोन वर्षांनंतर, गाडी किती चालली याचा विचार न करता, ते बदलावे, कारण गंजरोधक उभ्या गाडीतही संपत जातात.